गझनीच्या सुलतानाचा हिशेब मांडणारे प्राध्यापक

१९२७ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या इतिहासाच्या एका तरुण प्राध्यापकाने गझनीच्या सुलतान महमूदावर इंग्रजीत एक लहानसे पुस्तक लिहिले. प्राध्यापकांचे नाव मोहम्मद हबीब. वय बत्तीसच्या आसपास. विद्यापीठाला हा दर्जा मिळून तेव्हा उणीपुरी सात वर्षे झाली होती. पुस्तक बाहेर आले आणि उर्दू वर्तमानपत्रांतून त्यावर टीकेची झोड उठली. अलीगढमध्ये बसून, मुसलमान असून, महमूद गझनवीबद्दल असे लिहिण्याची हिंमत होतेच कशी, असा त्या टीकेचा एकूण सूर होता.

हबीब साहेबांनी लिहिले तरी काय होते? महमूदाच्या हिंदुस्थानवरच्या स्वाऱ्यांमागे धर्म नव्हता, संपत्ती होती. त्याला साम्राज्य उभारायचे होते ते खुरासान आणि इराणात. त्यासाठी लागणारा पैसा हिंदुस्थानातल्या देवळांत साठलेला होता, म्हणून तो इकडे येत राहिला. कुणाला न डिवचणाऱ्या राजांवर चालून जाणे आणि परक्यांची प्रार्थनास्थळे फोडणे याला शरियतचा कसलाही आधार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. या लुटीने इस्लामचा प्रसार तर झाला नाहीच, उलट इथल्या लोकांच्या मनात इस्लामविषयी जी अढी बसली ती पुढे कैक पिढ्या निघाली नाही. आधाराला साक्षीदारही त्यांनी घरातलाच घेतला. अल्-बिरुनी हा महमूदाच्याच काळातला, त्याच्याच राज्यात वावरलेला विद्वान. या स्वाऱ्यांनी हिंदूंची कशी वाताहत झाली आणि मुसलमानांविषयी त्यांच्या मनात किती तिटकारा भरला, हे त्याने आपल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात नोंदवून ठेवले आहे.

त्या दिवसांत हे लिहिणे सोपे नव्हते. खिलाफत आणि असहकाराच्या चळवळीतली एकी ओसरली होती, गावोगाव दंगे होत होते. मुसलमानांतल्या एका वर्गाला महमूद हा मूर्तिभंजक गाझी म्हणून मिरवायला हवा होता. हिंदूंतल्या एका वर्गाला तोच महमूद शेजारच्या मोहल्ल्यातल्या विणकराच्या आणि कसायाच्या माथी मारायला हवा होता. दोघांचे भांडण असले तरी एका मुद्द्यावर दोघांचेही एकमत होते : महमूद म्हणजे इस्लाम. हबीब साहेबांनी नेमकी तीच गाठ सोडली, म्हणून दुखावले गेले ते आपलेच लोक. माझ्या मते त्यांच्या पुस्तकातला सर्वांत बिनतोड भाग सोमनाथचा नाही. मुलतानच्या आणि रयच्या मुसलमान राजवटींवर महमूदाने जे हल्ले केले, त्यांचा हिशेब त्यांनी सोमनाथच्या हिशेबाशेजारी मांडला, तो भाग वाचावा. इराणातल्या रयमध्ये त्याने माणसे फासावर दिली, ग्रंथ जाळले. तिथे कुठे मूर्ती होत्या? आणि १०३० मध्ये तो वारल्यानंतर दहा वर्षांतच सेल्जुक तुर्कांनी त्याच्या मुलाचा पराभव करून खुरासान हिसकावले. लुटीवर उभे राहिलेले राज्य राखावे, असे तिथल्या मुसलमान रयतेलाही वाटले नाही.

टीकाकारांना त्यांनी उत्तर देत बसण्याचे टाळले. १९५१ मध्ये त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मधल्या २४ वर्षांत देशाचे दोन तुकडे झाले होते. पुस्तकातला निष्कर्ष मात्र हबीब साहेबांनी बदलला नाही.

मोहम्मद हबीब यांचा जन्म १८९५ चा, लखनौचा. वडील मोहम्मद नसीम हे तिथले नावाजलेले वकील. घरात पैसा होता, इंग्रजी होती, आणि उर्दू-फारसीचा तर तो गावच. धाकटे भाऊ मोहम्मद मुजीब पुढे दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले, १९४८ पासून १९७३ पर्यंत. हिंदुस्थानी मुसलमानांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आजही अभ्यासकांना लागतो. एका घरातले दोन भाऊ, दोघेही इतिहासाचे, दोघांनीही वकिलीचा पैसा सोडून मास्तरकी पत्करली. वडिलांना काय वाटले असेल याची कल्पना आपल्याकडच्या कोणत्याही वकिलाच्या घरात करता येईल.

हबीब आधी अलीगढच्या मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात शिकले आणि मग ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेले. तिथे हिंदुस्थानी विद्यार्थ्यांची मजलिस नावाची वादसभा होती, तिचे ते अध्यक्ष झाले. ते परतले तेव्हा देश असहकाराने पेटलेला होता. मौलाना मोहम्मद अली यांच्या हाकेवरून ते जामियात शिकवायला गेले. जामिया तेव्हा अलीगढमध्येच, सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांसाठी तंबूंतून चालत होती. पुढे १९२२ मध्ये ते अलीगढ विद्यापीठात रुजू झाले आणि १९५८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथून हलले नाहीत. छत्तीस वर्षे एकाच आवारात. इतिहासाबरोबर राज्यशास्त्राचीही जबाबदारी त्यांनी पेलली. निवृत्तीनंतर विद्यापीठाने त्यांना सन्माननीय प्राध्यापक केले, म्हणजे पगार थांबला आणि काम चालू राहिले.

मधल्या काळात संयुक्त प्रांताच्या विधिमंडळातही ते स्वराज्य पक्षाकडून जाऊन आले. पण राजकारणात त्यांचा जीव रमला नसावा. त्यांची खरी बैठक फारसी हस्तलिखितांपाशी होती.

त्यांच्या लग्नाची हकीकत मराठी वाचकाला जवळची वाटेल. पत्नी सोहेला या अब्बास तय्यबजींच्या कन्या. मुंबईचे तय्यबजी घराणे आपल्याला परके नाही. १८८७ मध्ये काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी हे अब्बास साहेबांचे चुलते. अब्बास तय्यबजी गायकवाडांच्या बडोद्यात मुख्य न्यायाधीश होते. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाची चौकशी काँग्रेसने केली तेव्हा त्या समितीत ते बसले, आणि तिथे जे ऐकले त्याने या पक्क्या साहेबी थाटाच्या माणसाचा खादीधारी गांधीवादी झाला. १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. तेव्हा त्यांचे वय ७६ होते. त्यांनाही लगेच अटक झाली. सोहेलांची बहीण रैहाना तय्यबजी कृष्णाची भजने गात असत, गांधीजींना त्यांनी उर्दू शिकवले, आणि आपल्या साताऱ्याच्या काकासाहेब कालेलकरांच्या सहवासात त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ गेला. असे हे सासर. सोहेलाही वडिलांच्याच वाटेने गेल्या. हबीब दांपत्याचे चिरंजीव इरफान हबीब यांचा जन्म १९३१ मध्ये बडोद्यातच झाला.

ज्या वर्षी महमूदावरचे पुस्तक आले त्याच वर्षी हबीब साहेबांचे दुसरे पुस्तक मुंबईच्या तारापोरवालांनी काढले, अमीर खुसरो यांच्यावरचे. एकीकडे लुटारू सुलतान आणि दुसरीकडे दिल्लीच्या बोलीत रमणारा कवी, दोन्ही एकाच लेखणीतून, एकाच साली. खुसरोंवर त्यांचे प्रेम होते, पण त्या प्रेमालाही त्यांनी शिस्त लावलेली होती. १९३१ मध्ये त्यांनी खुसरोंच्या खजाइन-उल-फुतूह या फारसी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. अलाउद्दीन खिलजीच्या मोहिमांचा हा दरबारी वृत्तान्त. देवगिरीच्या रामदेवरावांचा काळ ज्यांना अभ्यासायचा आहे त्यांना हा ग्रंथ टाळता येत नाही. मलिक काफूरच्या दक्षिणेतल्या स्वाऱ्या त्यात आहेत. खुसरोंचे फारसी गद्य भयंकर अलंकारिक. एका परिच्छेदात सगळ्या उपमा पाण्याच्या, पुढच्यात सगळ्या बुद्धिबळाच्या, असा प्रकार. त्या जंजाळातून हकीकत वेगळी काढणे म्हणजे डाळीतून खडे वेचणे.

भाषांतर करताना हबीब साहेबांनी वाचकाला सावध केले आहे की दरबारी कवी काय लिहितो यापेक्षा काय लिहीत नाही तिकडे पाहावे. अलाउद्दीनने देवगिरीची लूट आणली आणि तिच्या जोरावर सख्ख्या चुलत्याचा, म्हणजे सासऱ्याचाच, खून करून तख्त बळकावले. खुसरो त्या खुनाविषयी चकार शब्द काढत नाहीत. राजवाड्यांनी मराठ्यांच्या बखरी ज्या नजरेने तपासल्या त्या नजरेशी ही नजर नाते सांगणारी आहे, असे मला नेहमी वाटते. बखरकाराचा मान ठेवायचा, त्याच्या लेखणीची गोडी चाखायची, आणि पुरावा म्हणून त्याला उभे करताना मात्र उलटतपासणी सोडायची नाही.

चाळिशीच्या दशकातले अलीगढ हे काही शांत विद्यापीठ नव्हते. मुस्लिम लीगच्या प्रचाराला इथलीच मुले निवडणुकीच्या गावोगाव जात होती. आवारात पाकिस्तानच्या घोषणा होत्या. फाळणीला विरोध असलेल्या प्राध्यापकाने अशा वर्गात रोज जाऊन सल्तनतीचा इतिहास शिकवायचा, तोही सुलतान हे काही तुमचे पूर्वज नव्हेत असे सांगत, याला निराळ्या प्रकारचे धैर्य लागते. मोर्च्यात चार लोक सोबत असतात, वर्गात मास्तर एकटा असतो. हबीब साहेबांनी अलीगढ सोडले नाही. फाळणीनंतर त्यांचे कित्येक विद्यार्थी कराचीला आणि लाहोरला गेले, तेव्हाही ते इथेच राहिले.

डिसेंबर १९४७ मध्ये भारतीय इतिहास परिषदेचे अधिवेशन मुंबईत भरले आणि अध्यक्षपदी मोहम्मद हबीब होते. स्वातंत्र्य मिळून चार महिने झाले होते. उत्तरेत कत्तली थांबल्या म्हणाव्यात तर निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आणि हुमायूनच्या मकबऱ्यात मुसलमानांनी आसरा घेतला होता, आणि पंजाबातून आलेले हिंदू-शीख कुरुक्षेत्रापर्यंत तंबूंतून राहत होते. महिन्याभराने गांधीजींचा खून व्हायचा होता. अशा वेळी अलीगढच्या एका मुसलमान प्राध्यापकाने मुंबईत देशभरच्या इतिहासकारांसमोर अध्यक्षीय भाषण करायचे होते.

त्या भाषणात त्यांनी माफी मागितली नाही आणि तक्रारही केली नाही. हिंदुस्थानी मुसलमान हा वंशाने आणि भाषेने याच भूमीचा आहे, सुलतानांच्या पराक्रमाचे श्रेय त्याचे नाही आणि त्यांच्या पापाचा बोजाही त्याच्या डोक्यावर ठेवता येत नाही, हा त्यांच्या विचाराचा कणा होता. मुस्लिम राजवट असा शब्दप्रयोगच त्यांना मान्य नव्हता. राज्य तुर्क सरदारांचे होते. त्या सत्तेत मुसलमान झालेल्या इथल्या विणकर-पिंजाऱ्याचा वाटा होता तरी किती? तो तर हिंदू शेजाऱ्याइतकाच पिळला जात होता. आज हे वाचताना आपल्याला नवल वाटत नाही, कारण हा मुद्दा आता पाठ्यपुस्तकांत आला आहे. पण तो तिथे पोचवण्यात ज्यांचा हात होता त्यांतले हबीब साहेब पहिल्या फळीतले.

आता थोडे सूफींविषयी, कारण रमजानच्या पानावर त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हबीब साहेबांना चिश्ती सूफींचे मनापासून प्रेम होते, विशेषतः दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे. औलिया बारा महिने रोजे धरीत. सियर-उल-औलिया या जुन्या ग्रंथात नोंद आहे की सहेरीला ताट समोर आले तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, कारण दिल्लीतल्या मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या फळ्यांवर उपाशी झोपलेली माणसे त्यांना आठवत. ताट बहुधा तसेच परत जाई. सुलतान भेटायला येतो म्हटले की ते टाळत. एका दाराने सुलतान आला तर दुसऱ्या दाराने आपण निघून जाऊ, असे त्यांनी कळवल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. सुलतानांचा इतिहास लिहिता लिहिता हबीब साहेबांना खरा नायक सापडला तो हा, राजवाड्याला पाठ फिरवून बसलेला.

पण प्रेम आहे म्हणून पुराव्याची सूट नाही. १९५० मध्ये अलीगढहून मध्ययुगीन भारतावरचे एक इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्याच वर्षी हबीब साहेबांनी त्यात चिश्ती सूफींच्या ग्रंथांवर दीर्घ लेख लिहिला आणि पुन्हा एकदा आपल्याच लोकांच्या भावनेला हात घातला. अजमेरच्या ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींच्या, कुत्बुद्दीन बख्तियार काकींच्या, बाबा फरीदांच्या नावावर संवादांचे जे ग्रंथ चालतात, अनीस-उल-अरवाह, दलील-उल-आरिफीन, फवायद-उस-सालिकीन, राहत-उल-कुलूब, ते सगळे बनावट आहेत असे त्यांनी दाखवून दिले. पुरावा त्यांनी बाहेरून आणला नाही. औलियांचे खलिफा नसीरुद्दीन चिराग देहलवी यांच्या बैठकींची जी विश्वसनीय नोंद आहे, तीत म्हटले आहे की आपल्या गुरूंनी किंवा त्यांच्या गुरूंनी कोणताही ग्रंथ लिहिला नाही. शिवाय बनावट ग्रंथांतल्या तारखा जुळत नाहीत, एखादा माणूस वारल्यानंतरही बैठकीला हजर असतो, आणि चमत्कारांची तर रेलचेल असते. अस्सल चिश्ती नोंदींत चमत्कार फार कमी आणि माणसे फार.

या अस्सल नोंदींतली सर्वांत मोलाची म्हणजे फवायद-उल-फुवाद. कवी अमीर हसन सिजझी यांनी १३०८ ते १३२२ या काळात औलियांच्या बैठकींना बसून ती टिपली, आणि खरेपणाची कसोटी म्हणून हबीब साहेबांनी तीच धरली. हे अमीर हसन पुढे मुहम्मद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा दिल्लीहून दौलताबादला आले आणि इथेच दफन झाले. खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीकडे जाणारी गर्दी त्यांच्या मजारीकडे क्वचित वळते. वेरूळची लेणी पाहून परतताना वाट थोडी वाकडी करायला हरकत नाही.

हबीब साहेबांनी बनावट ठरवलेल्या ग्रंथांचे उर्दू तर्जुमे मात्र दर्ग्यांबाहेरच्या दुकानांत आजही हिरव्या पुठ्ठ्यात मिळतात आणि खपतात. संशोधनाचा पराभव म्हणून त्याकडे पाहावे की श्रद्धेची स्वतःची अशी गरज म्हणून, हे माझे अजून ठरत नाही.

१९५२ मध्ये त्यांनी आणखी मोठ्या शत्रूला अंगावर घेतले. इलियट आणि डाउसन यांचे आठ खंड म्हणजे मध्ययुगीन भारताच्या इतिहासाची इंग्रजी राजवटीतली गंगोत्री. फारसी तवारिखांतले उतारे निवडून त्यांचे इंग्रजी भाषांतर. खंड १८६७ ते १८७७ या काळात निघाले. उतारे खरे, पण निवड कशी? जिथे कत्तल, विध्वंस, बाटवाबाटवी, तेवढे वेचून घेतलेले. मुसलमान बादशहांच्या जुलमाची वर्णने वाचून हिंदी रयतेला इंग्रजी राज्याचे उपकार कळावेत हा हेतू हेन्री इलियट यांनी स्वतःच आपल्या प्रस्तावनेत दडवलेला नाही. आपल्याकडच्या कितीतरी कादंबऱ्या, नाटके, शाळेतले धडे या आठ खंडांच्या पाण्यावर वाढले. दुसऱ्या खंडाचे पुनर्मुद्रण अलीगढहून निघाले तेव्हा हबीब साहेबांनी त्याला लांबलचक प्रस्तावना जोडली. पुस्तक खोडून काढायचे तर त्याच पुस्तकाच्या दारात उभे राहून, हा प्रकार मोठा मजेदार आहे.

त्या प्रस्तावनेत त्यांनी आपला सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वादग्रस्त सिद्धान्त मांडला. मूठभर तुर्क घोडेस्वार येतात आणि एवढा मोठा देश इतक्या लवकर कसा पडतो? त्यांचे उत्तर होते की शहरांच्या तटाबाहेर राहणाऱ्यांनी जुन्या सत्तेसाठी लढायचे नाकारले. त्यासाठी ते पुन्हा अल्-बिरुनीकडे गेले. चांभार, कोष्टी, टोपल्या विणणारे, ढाली करणारे, कोळी, पारधी अशा कसबी जमातींना गावात राहायची मुभा नव्हती, असे अल्-बिरुनी लिहितो. मराठीत यासाठी गावकुसाबाहेर हा शब्द तयारच आहे, त्याचे वेगळे स्पष्टीकरण द्यायला नको. नव्या सत्तेला शहरात कारागीर हवे होते, जात पाहायला तिला सवड नव्हती. शहराचे दार या लोकांना उघडले गेले आणि उत्पादन वाढले. या घडामोडीला हबीब साहेबांनी नागरी क्रांती म्हटले. पुढे अलाउद्दीनच्या महसूल सुधारणांनी गावच्या मुखत्यारांचा जाच कमी केला, ती ग्रामीण क्रांती.

त्या काळी हा विचार फार ताजा होता. राजांच्या नावांनी भरलेल्या इतिहासात चांभार आणि कोष्टी प्रथमच कारण म्हणून उभे राहिले. मार्क्सवादी दृष्टीचा हा प्रभाव उघड आहे. (गोव्याचे दामोदर कोसंबी तिशीच्या सुरुवातीला अलीगढमध्येच गणित शिकवत होते, हा योगायोग इथे सहज आठवतो.) पण क्रांती हा शब्द जरा जास्तच झाला, असे माझेही मत आहे. सुलतानांनी जात मोडली नाही. कारागिरांना शहरात घेतले खरे, पण हजारो गुलामांच्या श्रमावरही ती शहरे चालली. हबीब साहेबांचे मन दुबळ्यांच्या बाजूने इतके ओढ घेई की पुरावा कधीकधी मागे राहून जाई. दोष म्हणायचा तर हा.

आणि गंमत अशी की सुलतानशाही किती जातीयवादी होती याचा सर्वांत भक्कम पुरावा पुढे त्यांनीच समोर आणला. झियाउद्दीन बरनी हा सल्तनत काळाचा मोठा इतिहासकार. त्याच्या फतावा-ए-जहांदारी या राजनीतीवरच्या ग्रंथाचे जगात एकच हस्तलिखित उरले होते, तेही लंडनच्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात. अफसर सलीम खान यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि हबीब साहेबांनी बरनीच्या आयुष्याचा आणि विचारांचा सविस्तर अभ्यास त्याला जोडला. हा बरनी खानदानी मुसलमान. हलक्या कुळातल्यांना, मग ते मुसलमान असले तरी, लिहायला-वाचायला शिकवू नये असे त्याचे ठाम मत. माळी, विणकर, न्हावी यांना मुहम्मद तुघलकाने हुद्दे दिले म्हणून तो सुलतानावर जळफळतो. इस्लाममध्ये उच्चनीच नाही असे आपण मिलादच्या जलशात मोठ्या अभिमानाने सांगतो. बरनी वाचला की त्या वाक्यापाशी थोडे थांबावे लागते. हबीब साहेबांनी बरनीला झाकून ठेवले नाही, आणि त्याच्यावर नुसता संतापही केला नाही. म्हातारपणी दरबारातून हाकलला गेलेला, दारिद्र्यात मेलेला एक कडवट माणूस म्हणूनही त्यांनी त्याला समजून घेतले.

निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी, १९६७ मध्ये, ते अचानक देशभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक होती. काँग्रेसचे उमेदवार व्ही. व्ही. गिरी, आणि विरोधी पक्षांनी उभे केले प्राध्यापक हबीब यांना. त्याच वेळी राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसकडून डॉ. झाकिर हुसेन उभे होते. ज्या जामियात हबीब साहेबांनी सुरुवातीला शिकवले तिच्या पहिल्या तुकडीतला हा विद्यार्थी, फाळणीनंतर १९४८ मध्ये अलीगढ विद्यापीठाचा कुलगुरू म्हणून ते सावरणारा. झाकिर साहेब निवडून आले. हबीब साहेब मोठ्या फरकाने पडले. विरोधकांना संख्याबळ नव्हतेच, निकाल ठरलेला होता. सत्तरी ओलांडलेला प्राध्यापक मग आपल्या शेवटच्या मोठ्या कामाकडे वळला.

ते काम म्हणजे दिल्ली सल्तनतीच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ. भारतीय इतिहास परिषदेच्या योजनेतला हा पाचवा खंड. तो १९७० मध्ये निघाला. संपादनात सोबतीला अलीगढचे खलीक अहमद निजामी होते. चिश्ती सूफींच्या अभ्यासात गुरूंचा वारसा पुढे नेणारे हेच. खंडाचा मोठा भाग हबीब साहेबांनी स्वतः लिहिला. अलाउद्दीन, तुघलक, मंगोलांचे मध्य आशियातले थैमान, सगळे आयुष्यभर वर्गात शिकवलेले विषय. दुसऱ्या वर्षी, १९७१ मध्ये, ते वारले. त्यांचे विखुरलेले लेख निजामी साहेबांनी गोळा करून दोन खंडांत काढले, पहिला १९७४ मध्ये, दुसरा १९८१ मध्ये. अलीगढमध्ये विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाला त्यांचे नाव आहे.

या दोन खंडांच्या मधल्या काळात, १९७८ मध्ये, दिल्ली सल्तनतीच्या आर्थिक इतिहासावर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. नागरी क्रांतीच्या सिद्धान्ताचा त्यात आदराने उल्लेख होता आणि मग तो सिद्धान्त जसाच्या तसा का स्वीकारता येत नाही याची कारणे होती : तुर्क सत्तेनेही जातिव्यवस्था चालूच ठेवली, आणि शहरे वाढली ती कारागिरांच्या मुक्तीपेक्षा नव्या हुन्नरांनी आणि गुलामांच्या श्रमाने. निबंधाचे लेखक होते इरफान हबीब, अलीगढच्याच त्याच इतिहास विभागातले प्राध्यापक, मोहम्मद हबीब यांचे चिरंजीव.